नववा भोंगा

लग्न जुळविण्याच्या कामी आपला समाज जितका दक्ष असतो, तितका दुसऱ्या कोणत्याही जुळवाजुळवीत नसतो. पत्रिका समोर ठेवून छत्तीसांपैकी किती गुण उतरतात ते पाहावयाचे, अठरा भरले की समाधानाने मान डोलवावयाची आणि मग मानपानाच्या वाटाघाटीस बसावयाचे, हा क्रम अद्यापि पुष्कळ घरांतून चालू आहे. परंतु त्याच लग्नाच्या वरातीपुढे जे भोंगे गर्जत जातात, त्यांची आणि त्यांस वाजविणाऱ्या यंत्राची पत्रिका जुळते की नाही, याची चौकशी करणारा वरपिता मला अजून भेटावयाचा आहे. वस्तुतः ही दुसरी पत्रिका पहिलीपेक्षा पुष्कळच सोपी. तीत ग्रह नाहीत, नाडी नाही, गोत्र नाही. केवळ दोन-तीन आकडे आहेत आणि ते बहुधा युनिटच्या पाठीवर छापलेले असतात. शिवाय तिचे भविष्य सहसा चुकत नाही. न जुळलेले लग्न वीस-वीस वर्षे निभून जाते. न जुळलेले भोंगे दिवेलागणीस लावले तर पंगती उठण्यापूर्वीच यंत्रातून धूर निघू लागतो.

लग्नसराईत जळगावच्या एखाद्या हमरस्त्याच्या कडेस संध्याकाळी अर्धा तास उभे राहावे म्हणजे हा सारा संसार डोळ्यांपुढून जातो. पुढे बँडचे गणवेशधारी लोक, त्यांच्या मागे एक सजविलेली गाडी, तिच्यावर जनरेटर, कीबोर्ड वाजविणारा एक घामाघूम तरुण आणि चारही दिशांस तोंडे करून बसविलेले भोंगे. मी ते मोजीत असतो. चार असले तर मनास स्वस्थता वाटते. सहा दिसले की मी गाडीजवळ उभ्या असलेल्या वायरमनच्या चेहऱ्याकडे पाहतो. आठ दिसले आणि यंत्र मात्र एकच दिसले, तर नवरदेवाच्या घोड्याकडे माझे मुळीच लक्ष राहत नाही. कोणी कशाचे कौतुक करावे याला नियम नाही. मला त्या आठ भोंग्यांची जोडणी कशी केली असेल याचे कुतूहल अधिक.

लोकांचा याविषयीचा हिशेब अगदी सरळ आहे. एका भोंग्याने इतका आवाज होतो, तर दोहोंनी दुप्पट आणि आठांनी आठपट. थोड्या अधिक जाणत्या माणसाचा हिशेब असा की, ओझे आठ जणांत वाटले गेले म्हणजे यंत्रावरचा भार हलका होतो. हे दोन्ही हिशेब चुकीचे आहेत, आणि दुसरा अधिक घातक आहे. कारण त्याला शहाणपणाचा वास येतो. आवाजाची गोष्ट म्हणाल तर शक्ती दुप्पट केली असता तो अवघा तीन डेसिबलने वाढतो. कानास ‘दुप्पट झाला’ असे वाटावयाचे तर शक्ती सुमारे दसपट लागते. आणि भाराची गोष्ट म्हणाल तर भोंगा हा ओझे वाहणारा हमाल नव्हेच. तो खाणारे तोंड आहे. घरात तोंडे वाढली म्हणून मिळवत्याचे कष्ट कमी झाले, असे कोणी ऐकले आहे काय?

सगळा घोटाळा ‘ओहम’ या शब्दापाशी होतो. युनिटच्या पाठीवर आठ ओहम किंवा सोळा ओहम असे लिहिलेले असते. साहजिकच माणसास वाटते की सोळा हे आठांहून भारी. प्रत्यक्षात उलट आहे. हा आकडा विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आहे. विरोध जितका थोडा, तितका प्रवाह अधिक, आणि तितके यंत्रास अधिक पुरवावे लागते. म्हणून चार ओहमचा भोंगा हा सोळा ओहमच्या भोंग्याहून यंत्रास जड.

ज्यांनी धुळे पाहिले आहे त्यांस ही गोष्ट समजावयास अवघड जाऊ नये. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्ज याने खानदेशच्या कारभाराचे ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली, आणि नव्या वस्तीचे रस्ते सरळ रेषेत आखले गेले. त्यामुळे त्या शहरात गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि त्या एकमेकींस समांतर धावतात. समजा, एका बाजूस सभा सुटली आणि लोकांस पलीकडे जावयाचे आहे. एकच गल्ली मोकळी असेल तर गर्दी तुंबेल. दुसरी उघडली की अडथळा निम्मा झाला, चार उघडल्या की चौथाई. प्रत्येक गल्ली स्वतः पूर्वीइतकीच अरुंद आहे. पण सगळ्या मिळून वाट रुंद झाली. भोंगे एकमेकांस समांतर जोडले म्हणजे असेच होते. आठ ओहमचा एक भोंगा म्हणजे आठ. दोन जोडले की चार. तीन जोडले की पावणेतीनच्याही किंचित खाली. चार जोडले की दोन. गर्दीस यात आनंदच आहे. ज्याला ती गर्दी अखंड पुरवावयाची आहे, त्याचे काय होत असेल ते पाहावे.

शंभर वॅटचे एक यंत्र घ्या. आपल्याकडील सभामंडपांत जी यंत्रे दिसतात, त्यांच्या पाठीस बहुधा चार, आठ आणि सोळा ओहम अशा जागा केलेल्या असतात. चाराच्या जागेवर सुमारे वीस व्होल्ट, आठाच्या जागेवर सव्वाअठ्ठावीस, सोळाच्या जागेवर चाळीस. जागा बदलते तसा दाब बदलतो, शंभर वॅटचा हिशेब मात्र कायम राहतो. आता आठाच्या जागेवर कोणी आठ ओहमचे चार भोंगे समांतर लावून मोकळा झाला, तर त्याने दोन ओहमचे कुटुंब आठ ओहमच्या घरात आणून बसविले. मागणी चौपट झाली, म्हणजे शंभर वॅटच्या यंत्राकडे चारशे वॅट मागितले गेले. यंत्र काही वेळ लाजेकाजेस्तव देण्याचा प्रयत्न करते. आवाज फाटतो, पाठीचा पत्रा तापतो आणि मग एकाएकी सारे शांत होते. ती शांतता भाड्याने यंत्र देणाऱ्याच्या काळजात कशी उतरते, हे ज्याने पाहिले आहे त्यास पुन्हा समजवावे लागत नाही. खेडेगावच्या भोंगेवाल्याचे यंत्र म्हणजे शेतकऱ्याचा बैल. ऐन हंगामात बैल बसला तर नुसता बैल जात नाही, हंगाम जातो.

यावर उपाय एकापुढे एक जोडण्याचा. दोन भोंगे एकाच दोरीत ओवले की विरोधाची बेरीज होते. आठ आणि आठ सोळा. अशा दोन जोड्या पुन्हा समांतर लावल्या की सोळाचे आठ होतात. चार भोंगे, आणि यंत्रास वाटते एकच आहे! ही युक्ती मला फार आवडते. चारांचे चार, नवांचे नऊ, सोळांचे सोळा असे वर्गसंख्येने भोंगे असतील तर तीन-तीनच्या किंवा चार-चारच्या ओळी करून मूळचा आकडा जसाच्या तसा राखता येतो. मात्र एका ओळीतील एक भोंगा बंद पडला की त्याचे जोडीदारही मुके होतात, जुन्या काळच्या दिव्यांच्या माळेप्रमाणे. आणि भोंगे एका जातीचे हवेत. आठ ओहमचा एक आणि सोळा ओहमचा एक असे दोन भाऊ समांतर राहिले तर आठवाला दुप्पट जेवतो; तेच दोघे एकापुढे एक उभे केले तर सोळावाला दुप्पट जेवतो. माणसे तीच, घर तेच, केवळ बसण्याची रीत बदलली तर कोण पुष्ट आणि कोण उपाशी हे उलटते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस यात नवल वाटू नये.

‘जुळणे’ या शब्दाचा अर्थही काळाबरोबर पालटला आहे. व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांत जुळणे म्हणजे खरोखर जुळणे होते. त्यांच्या पोटात एक ट्रान्सफॉर्मर असे आणि त्यास ठरल्या आकड्याचाच भार रुचे. अशा यंत्रास भोंगा न जोडता कोणी आवाजाची चावी वाढविली, तर आतला दाब भलताच चढून ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटण्याची भीती असे. ट्रान्झिस्टरच्या यंत्राचा स्वभाव निराळा. त्याचा स्वतःचा आतील विरोध ओहमच्या लहानशा अंशाइतका असतो, त्यामुळे बरोबरीचा प्रश्नच राहिला नाही. भोंगा मुळीच जोडला नाही तरी त्याची तक्रार नसते. सांगितल्याहून कमी ओहम मात्र जोडू नये, एवढेच त्याचे म्हणणे. जुने यंत्र एकटे पडले की मरे, नवे घर भरले की मरते. तेव्हा ‘स्पीकर मॅच करणे’ असे जे कारागीर म्हणतात, त्यातले मॅच करणे हे आता बरोबरी करणे नसून मर्यादा पाळणे आहे.

या विरोधाचा कायदा ज्याने प्रथम मांडला तो गेओर्ग ओहम हा जर्मनीतील कोलोन गावच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्याचे पुस्तक १८२७ साली निघाले. प्रारंभी त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळावयास १८४१ साल उजाडले. परंतु भोंग्याच्या पाठीवर जो आकडा असतो तो निव्वळ ओहमच्या तारेचा विरोध नव्हे. भोंग्यातील वेटोळे हलत असते, आणि स्वर बदलतो तसा त्याचा विरोधही बदलतो. या बदलत्या विरोधास आपल्या परिभाषेत संरोध म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड याने योजिले. हा गृहस्थ शाळा सोडून तारखात्यात नोकरीस लागला होता आणि पुढचे सर्व गणित घरी बसून शिकला. लहानपणीच्या तापाने त्यास नीट ऐकू येत नसे. आज गावोगाव जे कर्णे ओरडतात त्यांच्या पाठीवरील गुणधर्मास नाव दिले ते एका कमी ऐकणाऱ्या माणसाने, याची मला मौज वाटते. मीटर लावून आठ ओहमचा स्पीकर मोजला तर सहाच्या आसपास आकडा येतो, तेव्हा नवशिके कारागीर ‘माल खोटा’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. माल खोटा नसतो. मीटर स्थिर तार मोजतो, संरोध मोजीत नाही.

राहता राहिली वायर. तिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही, कारण ती आवाज करीत नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर शंभर मीटर ओढली तर जाऊन-येऊन सव्वादोन ओहमहून थोडा अधिक विरोध होतो. टोकास चार ओहमचा भार असेल तर एकतृतीयांशाहून अधिक शक्ती वाटेतच वायर तापविण्यात खर्ची पडते. म्हणून रेल्वे स्टेशने, मोठ्या शाळा, कारखाने येथे शंभर व्होल्टची लाइन वापरतात. यंत्रापाशी दाब चढवावयाचा, प्रत्येक भोंग्यापाशी लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवून तो उतरवावयाचा, आणि ओहमचा विचारच सोडून द्यावयाचा. मग केवळ वॅटची बेरीज करावी. ती यंत्राच्या आकड्यापुढे गेली नाही म्हणजे झाले. शंभर वॅटचा भार तेथे शंभर ओहमचा दिसतो, त्यापुढे वायरीचे सव्वादोन ओहम म्हणजे दर्यामें खसखस. ही रीत उत्तम आहे, पण प्रत्येक भोंग्यामागे ट्रान्सफॉर्मरचा खर्च आहे, आणि खेड्यातील भोंगेवाल्यास तो परवडत नाही.

हे सर्व शास्त्र मला पुस्तकांतून ठाऊक होते. त्यात एखाद्याचा जीव गुंतलेला असू शकतो, हे मी पांझरेच्या काठी पाहिले.

जळगावहून एरंडोल, पारोळे करीत धुळ्यास यावे आणि तेथून साक्रीच्या रस्त्यास लागावे म्हणजे पांझरेचे खोरे लागते. या खोऱ्यात फडपद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, त्यांस फड म्हणतात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी सोडणारा पाटकरी, पिकांची राखण करणारा जागल्या, हे गावाने नेमलेले. पाऊस कमी झाला तर त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवावयाचा. ही व्यवस्था शतकानुशतके गावकऱ्यांनी स्वतः चालविली. बंधाऱ्यातून जेवढे येते तेवढ्याचेच वाटे होतात, हे तेथील लहान पोरासही सांगावे लागत नाही.

अशा एका गावी हरिनाम सप्ताहास एका स्नेह्याच्या आग्रहाने मी दोन दिवस राहिलो होतो. मंडपावर आठ भोंगे होते, सोळा ओहमचे, आणि खाली शंभर वॅटचे एक यंत्र. भोंगेवाला पस्तिशीचा, अबोल. त्यास सारे ‘भाऊ’ म्हणत. मी जोडणी पाहिली आणि मनातल्या मनात त्यास दाद दिली. चार-चार भोंगे समांतर लावून त्याने चार ओहमचे दोन गट केले होते, ते दोन गट एकापुढे एक ओवून आठ ओहम केले होते, आणि आठाच्याच जागेवर जोडले होते. प्रत्येक भोंग्यास साडेबारा वॅट. कीर्तनाचा शब्द न् शब्द मंडपात स्वच्छ ऐकू येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले. आबा म्हणजे गावातले वडीलधारे, सप्ताहाच्या वर्गणीत पहिले नाव त्यांचे. पाटाच्या पलीकडे शंभर मीटरवर एक नवी वस्ती झाली आहे. तेथे आबांची थोरली बहीण राहते. अक्का दोन वर्षे अंथरुणास खिळलेल्या. सप्ताहाचा एक दिवस त्यांनी आजवर चुकविला नव्हता, आणि आता मंडपातील आवाज तेथे नुसता गलबल्यासारखा पोहोचे. शब्द कळत नसत. आबांनी घरून एक भोंगा आणविला होता, तोही सोळा ओहमचाच.

“आखो एक लाव ना रे भाऊ,” ते म्हणाले.

“नाही लागणार, आबा,” भाऊ म्हणाला.

यात त्याने नम्रतेस कोठेही बाध आणला नाही, पण मान हलविली ती ठाम. आबांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मला स्पष्ट दिसले. आठ लागतात आणि नववा लागत नाही? पैसे हवेत काय? दोघेचौघे जमले. कोणी म्हणाले, दोन वायरी मशीनला नेऊन चिकटवावयाच्या, त्यात काय अवघड आहे? भाऊने खिशातून एक कागद काढून काही आकडे केले, पण ते कोणास समजणार? त्याचे आकडे बरोबर होते. तो नववा भोंगा थेट यंत्रास लावला असता तर आठ ओहमचे सव्वापाच झाले असते आणि शंभराऐवजी दीडशे वॅटची मागणी झाली असती. एवढ्यानेही निभले असते कदाचित. परंतु इतर आठांस निम्मा दाब मिळत होता आणि या एकट्यास पुरा मिळाला असता. ते प्रत्येकी साडेबारा वॅट घेणार आणि हा पन्नास. पाहुणा म्हणून आलेला एकटाच चार पाने जेवणार! तिकडे अक्कांच्या दाराशी तो केकाटला असता आणि बहुधा काल्यापूर्वीच जळाला असता. एखाद्या गटात त्यास घुसवावे, तर त्या गटाचा दाब खाली येऊन मंडपाची एक बाजू मंद झाली असती.

भाऊस हे सांगता येईना. मी सांगू शकलो असतो. पण परगावच्या पाहुण्याने मध्ये पडून आबांस पदार्थविज्ञान शिकवावे, हे मला प्रशस्त वाटले नाही. तेवढ्यात भाऊ पाटाकडे बोट करून म्हणाला, “आबा, फड चार आहेत. पाचवा करा म्हटलं तर कराल का?”

आबा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाचवा नाही करता येत. पण पाळी बदलता येते.”

“मग आठांतलाच एक नेतो,” भाऊ म्हणाला.

मला वाटले, प्रश्न सुटला. तो येथे खरा सुरू झाला. आठांतला कोणता न्यावयाचा? चार भोंगे मंडपाच्या आत होते, एक वेशीकडे, एक देवळाच्या मागील आळीकडे, एक शाळेकडे आणि एक गावातील एका बड्या असामीच्या वाड्याकडे तोंड करून होता. ज्या दिशेचा भोंगा काढावा त्या दिशेची मंडळी नाराज होणार. दुपारभर हीच चर्चा चालली. मागील आळीच्या बायकांनी आपला हक्क मांडला, तोही योग्य होता. त्यांस स्वयंपाकाच्या कामामुळे मंडपात बसावयास सवड नसे. वाड्याचे नाव कोणी घेईना. शेवटी मंडपातलाच एक काढावा असे ठरले, कारण तेथे बसलेल्यांस बुवा प्रत्यक्ष दिसत होते.

भाऊने जोडणी तशीच ठेवून एकच भोंगा उतरविला आणि वायर लांबविली. वाटेतील सव्वादोन ओहम वजा जाता त्यास साडेनऊ वॅट तरी मिळत असावेत, असा मी हिशेब केला. अंगणातल्या निंबावर तो बांधला. त्याची दिशा दाराकडे नको, भिंतीकडे थोडी वळवा, असे अक्कांनीच आतून सांगितले म्हणतात. रात्री कीर्तन नऊस उभे राहिले आणि कायद्याप्रमाणे दहास भोंगे बंद करावयाचे असल्यामुळे बुवांनी पूर्वरंग आवरता घेतला. त्या सुमारास मी पाट ओलांडून वस्तीकडे फिरत गेलो होतो. मंडपाचा आवाज आणि निंबावरचा आवाज यांत मध्ये एका जागी शब्द दुहेरी होत होते, कारण शंभर मीटर चालून यावयास ध्वनीस सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. आणखी वीस पावले पुढे गेलो तेव्हा दूरचा आवाज मागे पडला आणि निंबावरचा एकच स्वच्छ उरला. ओसरीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या. आत दिवा होता. टाळ्या पडत होत्या, त्यांत एक टाळी आतून येत होती, इतरांच्या थोडी मागून.

सप्ताह संपल्यावर हिशेबाच्या वेळी शंभर मीटर वायरीचे पैसे कोणी द्यावयाचे हा प्रश्न निघाला. आबा म्हणाले, मी देतो. मंडळी म्हणाली, वायर गावाची. भाऊ म्हणाला, वायर माझ्याकडेच राहू द्या, पुढच्या वर्षी लागेल. आबांनी आणलेला नववा भोंगा मात्र मंडपाच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. त्याचे एक युनिट म्हणून काय येईल, असे भाऊने जाता जाता विचारले, आणि आबांनी सांगितलेली किंमत ऐकून तो प्रथमच मोकळेपणी हसला.